ईबी-१ए की एनआयडब्ल्यू? व्हेनेझुएलाच्या रांगेतून

माझा जन्म मिरजेचा, बायकोचा माराकाइबोचा. ग्रीन कार्डाची रांग नागरिकत्वावर नाही तर जन्मस्थानावर लागते, आणि नवरा-बायकोपैकी ज्याचा देश सोयीचा त्याच्या रांगेत दोघांनाही उभं राहता येतं, हे मला लग्नानंतर वर्षभराने कळलं. (सासरे अजून चिडवतात, की तुला आधीच माहीत होतं.) त्यामुळे पिटिशन (ग्रीन कार्डाच्या अर्जाआधीची पात्रतेची मागणी) माझी, कागद माझे, पण रांग व्हेनेझुएलाची, असा आमचा मामला.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. इथे व्हेनेझुएलाची माणसं इतकी की गावाला गमतीने 'केटीझुएला' म्हणतात. त्यांतले बरेचसे तेलातले. २००२-०३च्या संपानंतर पीडीव्हीएसए या सरकारी तेल कंपनीतून हजारो लोक काढले गेले, सासरे त्यांतलेच. कुणाच्याही घरी अरेपा (मक्याची जाड भाकरी) खायला बसलं की तिसऱ्या अरेप्याला विषय निघतो: 'एक्स्ट्राऑर्डिनरी'मध्ये भरू की नॅशनल इंटरेस्टमध्ये? म्हणजे ग्रीन कार्ड ईबी-१एमधून (आपल्या क्षेत्रातल्या असामान्य लोकांचा वर्ग) मागू, की एनआयडब्ल्यूमधून (ईबी-२ या वर्गात, देशहितासाठी नोकरी देणाऱ्याची अट माफ करून)? मी दोन्ही भरलेत, म्हणून मला विचारतात. मी वकील नाही, एवढं आधी सांगून ठेवतो आणि मग बोलतो.

एनआयडब्ल्यू मी आधी भरला, आणि त्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे फारसं काही नाही. २०१६च्या धनसार निकालापासून तिथे तीन गोष्टी बघतात: काम देशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे का, ते पुढे नेण्याची तुमची तयारी आहे का, आणि नोकरी देणाऱ्याची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे का. माझं काम सोडून दिलेल्या तेलविहिरी नीट बंद करण्याचं. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात अशा विहिरींसाठी ४.७ अब्ज डॉलर ठेवलेत. म्हणजे देशाला हे काम महत्त्वाचं वाटतं हे काँग्रेसनेच लिहून दिलेलं होतं, मला फक्त तो कागद जोडायचा होता. पिटिशन पुढे बघणारी असते, हे मला आवडलं. काय केलंत यापेक्षा काय करणार आहात, यावर भर.

व्हेनेझुएलाच्या माणसाला तर हे फार सोयीचं. त्याचा भूतकाळ त्याच्याकडे कागदावर नसतो. काढून टाकलेल्याला जुन्या कंपनीचं पत्र कोण देणार? ईबी-१एच्या निकषांत 'इतरांपेक्षा जास्त पगार' असा एक निकष आहे. सासऱ्यांच्या एका मित्राने तो सिद्ध करायचा घाट घातला होता. बोलिव्हारवरची २००८मध्ये तीन शून्यं काढली, २०१८मध्ये पाच, २०२१मध्ये सहा. त्यांची जुनी पगारस्लिप कुठल्या बोलिव्हारमध्ये आहे हे समजावणारी टीपच दीड पानाची झाली. शेवटी तो निकष त्यांनी सोडून दिला.

ईबी-१एचं दुखणं वेगळं. दहांपैकी तीन निकष कागदावर जुळवणं तितकं अवघड नाही. मी शोधनिबंध तपासले होते, लिहिले होते, आणि विहिरीत सिमेंट भरायची आमची एक पद्धत दोन-तीन कंपन्यांनी उचलली होती. पण २०१०च्या कझारियन खटल्यापासून निकष मोजून झाल्यावर सगळं एकत्र ठेवून पुन्हा बघतात, की हा माणूस खरंच आपल्या क्षेत्रातल्या मूठभरांपैकी आहे का. तिथे गाडी अडते. आणि मिरजेच्या मास्तरांच्या घरात वाढलेल्याला 'मी या विषयातला अग्रगण्य' हे पत्रामागून पत्रात वाचून सही करायची म्हणजे घाम फुटतो. आईला एक पत्र मराठीत करून वाचून दाखवलं, तर म्हणाली, "हे कुणाबद्दल लिहिलंय?"

म्हणून मी २०२३च्या मेमध्ये एनआयडब्ल्यूच भरला. तीन महिन्यांत मंजूरही झाला. गंमत म्हणजे वर्षभर आधी भरला असता तर तिथल्या तिथे ग्रीन कार्डाचा अर्जही टाकता आला असता. ईबी-२मध्ये भारत-चीन सोडून बाकीच्या देशांना तोवर रांगच नव्हती. २०२२च्या डिसेंबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी मासिक पत्रक) तारीख लागली, म्हणजे त्या तारखेआधी भरलेल्यांचाच नंबर, आणि २०२३मध्ये ती पुढे सरकायच्या ऐवजी मागे गेली. भारताच्या रांगेत दशकभर थांबलेल्या माझ्या मित्रांना यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. "दोन वर्षं? आम्हाला दे," म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

पण आम्ही दोघं एकाच देशाच्या पासपोर्टवर थांबलेलो नव्हतो. व्हेनेझुएलाने २०१९मध्ये अमेरिकेशी संबंध तोडले आणि इथल्या वकिलाती बंद झाल्या. बायकोच्या पासपोर्टची छापील मुदत त्याच वर्षी संपली. तिथल्या नॅशनल असेंब्लीने मुदत संपलेले पासपोर्ट पाच वर्षं चालतील असा ठराव केला आणि अमेरिकेने तो मान्य केला. म्हणजे पासपोर्ट संपलेलाही आणि चालूही. २०२३च्या उन्हाळ्यात ती आईवडिलांबरोबर बोगोटाला जाऊन आली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ठराव मानला, पण तिच्या आय-९४वर (देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) तारीख टाकली ती पाच वर्षांची मुदत संपायची. एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) मंजूर होता आणखी दोन वर्षांचा, हातात आले आठ महिने.

आता इथून पुढे बघा. एनआयडब्ल्यू मंजूर झाल्यामुळे तिला एच-४वर काम करायचं कार्ड मिळालं, ही एनआयडब्ल्यूची जमेची बाजू, नाकारत नाही. पण ते कार्ड आय-९४च्या तारखेपर्यंतच. गाडीचं लायसन्सही त्याच तारखेपर्यंत. मुदतवाढीचा अर्ज पडून होता तेवढ्यात तिची नोकरी थांबली. लायसन्सच्या खिडकीवर मी त्या ठरावाची प्रिंट घेऊन उभा, आणि पलीकडची बाई पासपोर्टावरच्या छापील तारखेवर बोट ठेवून, "साहेब, हा तर २०१९चा." तिचं काही चुकलं असंही म्हणवत नाही. पाच महिने मी ड्रायव्हरच्या नोकरीला लागल्यासारखा बायकोला सगळीकडे गाडीने सोडत होतो. शेवटी तिसऱ्या देशात दोन खेपा घालून नवा पासपोर्ट आला.

मला जे कळलं ते तिथे. ईबी-१मध्ये व्हेनेझुएलाला तारीख नव्हती (२०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेवढी लागली होती, ऑक्टोबरला परत करंट, म्हणजे रांग नाही). तारीख नसली की पिटिशनबरोबरच ग्रीन कार्डाचा अर्ज टाकता येतो, आणि तो टाकला की कामाचं कार्ड त्या अर्जावर मिळतं. आय-९४वर नाही, एच-४वर नाही, पासपोर्टाच्या तारखेवर तर नाहीच. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मी लाज गुंडाळून ईबी-१ए भरला, प्रीमियमने (जादा फी भरून लवकर निकाल). अपेक्षेप्रमाणे पुरावे मागणारं पत्र आलं, 'मूळ योगदान' या निकषावर. त्यावर नवीन स्तुतिपत्रं जोडण्याऐवजी ज्या कंपन्यांनी आमची पद्धत वापरली त्यांच्या कामाच्या नोंदी जोडल्या. माझ्या मते त्यानेच काम झालं. बायकोचं कामाचं कार्ड आलं ते पाच वर्षांचं. २०२५च्या उन्हाळ्यात दोघांची ग्रीन कार्डं.

हे सगळं आज तसंच्या तसं चालेल असं मी कुणाला सांगणार नाही. २०२५च्या जूनमध्ये निघालेल्या घोषणेने व्हेनेझुएलाच्या नागरिकांना बाहेरून इमिग्रंट व्हिसावर येणं बंद झालं, आणि डिसेंबरमध्ये त्या यादीतल्या १९ देशांच्या लोकांचे इथले प्रलंबित अर्जही थांबवून ठेवायचा आदेश आला. माझ्यासारख्या जोडीचा जन्मदेशाचा फायदा घ्यायचा तर दोघांचे अर्ज एकत्र चालावे लागतात, त्यामुळे बायकोचा थांबला की नवऱ्याचाही थांबणार, असं मला तरी दिसतं. एनआयडब्ल्यूकडेही २०२५च्या जानेवारीपासून पूर्वीपेक्षा बारकाईने बघतात. ज्याच्याकडे शोधनिबंध नाहीत, पण मास्टर्स आणि चांगली योजना आहे, त्याने एनआयडब्ल्यूच भरावा, आणि लवकर भरावा. तिथे भरल्याची तारीख पुढे ईबी-१एलाही लावून घेता येते, म्हणजे वाया काही जात नाही. पण दोन्ही जमण्यासारखे असतील तर मी ईबी-१एच्या कागदांना आधी हात घालीन. थांबावं लागलंच तर निदान बुलेटिनसाठी थांबावं लागू नये.

बायकोचा मावसभाऊ व्हायोला वाजवतो. बार्किसिमेतोत एल सिस्तेमात (व्हेनेझुएलाची वाद्यवृंद शिकवणारी योजना) शिकला, सध्या ओ-१वर (असामान्य कलावंतांचा तात्पुरता व्हिसा) आहे. त्याच्यासाठी ईबी-१ए की एनआयडब्ल्यू हा प्रश्नच नाही, कारण एनआयडब्ल्यूसाठी 'प्रस्तावित उपक्रम', म्हणजे पुढे काय करणार ते, लिही म्हटलं की तो हसतो. गेल्या रविवारी त्याने बुटाच्या खोक्यात भरलेल्या कार्यक्रमपत्रिका आणून दिल्या, वीस वर्षांच्या. निम्म्यांवर वर्ष छापलेलं नाही, फक्त वार आणि वेळ. बायको आता एकेक उघडून कुठल्या साली कोण कंडक्टर होता ते त्याला फोनवर विचारतेय, आणि मी भाषांतराखालच्या प्रमाणपत्रावर सह्या करतोय.