'टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन व्हॉल्यूम २' कुणी विकत असेल तर घेऊ नका, माझे १४,८४० रुपये गेले

वेळ नसेल तर फक्त हा पॅरा वाचा. टॉम अँड जेरीच्या जुन्या कार्टूनांचा संच म्हणजे गोल्डन कलेक्शन, त्याचा व्हॉल्यूम २ ब्लू-रेवर (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची डिस्क) कधी बाजारात आलाच नाहीये. वॉर्नर कंपनीने तो २०१३ च्या जूनमध्ये काढायचं जाहीर केलं होतं आणि नंतर रद्द केला. कुणी 'सील पॅक आहे' म्हणून फोटो पाठवला तर तो माणूस चोर आहे, ब्लॉक करा, गप्पा मारत बसू नका. मी बसले. आधी ४,०००, मग ८,५००, मग २,३४०, असे एकूण १४,८४० रुपये मी स्वतःच्या हाताने पाठवले. दोन महिने नवऱ्याशिवाय कुणाला बोलले नव्हते, लाज वाटत होती, पण परवा जे दिसलं त्यानंतर गप्प बसवेना.

मी नवखी नाहीये हो. १९९५ ला आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं तेव्हा मी शाळेत होते, कार्टून संपून त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी पिक्चर सुरू झाले की रडायचे. नोकरी लागल्यापासून डिस्क जमवतेय, व्हीसीडीपासून. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने २०१२ च्या दिवाळीत व्हॉल्यूम १ आणला होता, दोन डिस्क, ३७ कार्टूनं, अगदी १९४० च्या पहिल्यापासून. ती लावली तेव्हा टॉमची एकेक मिशी वेगळी दिसत होती, टीव्हीवर असं कधी बघितलंच नव्हतं. टॉम अँड जेरी ज्यांनी काढलं त्या हॅना-बार्बेरांनी १९४० ते १९५८ मध्ये ११४ केली, त्यातली तेव्हा ३७ च अशी स्वच्छ हातात आली होती, मग पुढच्यांची वाट बघणारच ना माणूस. त्यात १९७८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन हाऊसला आग लागून एमजीएमच्या, म्हणजे ही कार्टूनं काढणाऱ्या कंपनीच्या, कित्येक जुन्या निगेटिव्ह जळाल्यात, त्यामुळे चांगली प्रिंट मिळणं किती अवघड आहे हे जमवणाऱ्यालाच कळतं. व्हॉल्यूम २ का बारगळला तेही मला माहीत होतं. 'माऊस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' या दोन कार्टूनांत काळ्या लोकांची टवाळी आहे म्हणून ती वगळली होती, त्यावर जमवणारे लोक भडकले, आणि मग सगळा सेटच थांबला.

म्हणजे सगळं माहीत होतं. तरी फसले.

जुन्या डिस्क जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर हा भेटला. फार गोड बोलायचा, प्रत्येक वाक्यात ताई. महिनाभर नुसत्या गप्पा, पैशाचा विषयच नाही. 'स्पॉटलाइट कलेक्शन'चे तीन डीव्हीडी सेट कधी आले, कुठल्या कार्टूनात बाईचा मूळ आवाज काढून दुसरा घातलाय, सगळं त्याला पाठ. आपल्यासारखाच वेडा आहे असं वाटतं हो, घरात कुणाशी बोलता येत नाही असलं काही. मग म्हणाला दुबईच्या एका दुकानदाराकडे व्हॉल्यूम २ आहे, वर लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शनचे सहाही व्हॉल्यूम, दोन्ही मिळून १२,५००. मी लगेच विचारलं की तो तर रद्द झालाय ना. त्यावर म्हणाला, "ताई, दुकानात नाही आला, पण छापून झाला होता, त्यातला थोडा माल बाहेर पडला, आणि यात ती दोन्ही अनकट आहेत." मला पटलं. पटलं कारण मला पटवून घ्यायचं होतं. पण माल छापून पडून राहतो हे काही अशक्य नाही, कुणालाही पटलं असतं.

आणि आता जे सांगतेय ते आठवलं की अजून पोटात कालवतं. त्याने बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला होता, चांगला स्पष्ट. मी झूम करून नावं वाचली, 'माऊस क्लीनिंग' दिसलं आणि तिथेच थांबले. खाली कोपऱ्यात बारकोड होता. माझा व्हॉल्यूम १ माझ्या मागे कपाटात, चार पावलांवर. उठून नुसता तो हातात घेऊन आकडे ताडून बघितले असते तर कळलं असतं, कारण पार्सल आल्यावर दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा आकडे तेच निघाले. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. व्हॉल्यूम १ चं कव्हर स्कॅन करून वरचा १ काढून २ केला होता आणि बारकोड बदलायची तसदी पण घेतली नव्हती. मी उठले नाही, मी ४,००० पाठवले. तुमच्याकडे त्याच मालिकेतला एखादा खरा सेट असेल तर आधी बारकोड ताडा.

पॅक केलेल्या पार्सलचा फोटो आल्यावर ८,५०० गेले. चार दिवसांनी मेसेज, कस्टममध्ये अडकलंय, २,३४०. कस्टमची पावती मागायची असते, मी मागितली नाही. पार्सल आलं त्यावर पाठवणाऱ्याचा पिनकोड ११ ने सुरू होणारा. दिल्ली. दुबईहून आलेलंच नाही तर कस्टम कसलं, मग ते २,३४० कशाचे?

डिस्क बाहेर काढली आणि उलटी केली तर खालून जांभळी. कंपनीची छापील डीव्हीडी चंदेरी किंवा सोनेरीसर असते, जांभळट झाक म्हणजे घरी राइट केलेली कोरी डीव्हीडी, आणि ब्लू-रे म्हणून निळ्या डबीत तीच घातलेली. भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर कोऱ्या डिस्कच्या कंपनीचा नंबर. मेनू नाही, नुसत्या फाइली. 'माऊस क्लीनिंग' लावलं तर उजव्या कोपऱ्यात सगळीकडे एक धुरकट ठिपका, चॅनलचा लोगो पुसलेला, आणि शेवटचा कोळशाचा प्रसंग कापलेला, म्हणजे ज्या अनकटसाठी मी पैसे दिले तेच नाही. लूनी ट्यून्स तर विचारू नका. खऱ्यात सहा व्हॉल्यूम, प्रत्येकी चार, अशा २४ डिस्क असतात, मला आल्या सहा. चार डिस्कचा माल ४.७ जीबीत कोंबल्यावर काय उरणार, पळताना रोडरनरचे चौकोन होतात. मागे 'ऑल रीजन' छापलेलं. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा नंबर, अमेरिकेतल्या डीव्हीडीवर सहसा १ असतं, आपल्याकडचं ५. काही खऱ्या डिस्कही ऑल रीजन असतात, पण अशा सेटवर ते दिसलं की आधी शंका घ्या.

त्याला फोटो पाठवले तर ब्लॉक.

मग माझी वरात सुरू झाली. पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, "मॅडम, पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?" शेजारचा हसत म्हणाला, लहान मुलांच्या कार्टूनला पंधरा हजार? मी म्हटलं पाच हजाराचं असो की पाच लाखाचं, खोटा माल विकणं गुन्हा आहे, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे. तर साहेब विचारतात, "कॉपीराइट तुमचा आहे का? नाही ना? मग कंपनीला येऊन तक्रार करू दे." कंपनी अमेरिकेतून येणार आहे का आमच्या चौकीत? तिथून सायबरला पाठवलं, दीड तास बाकावर बसवलं आणि सांगितलं की वस्तू मिळालीय म्हणजे हे ग्राहकाचं प्रकरण. ग्राहक तक्रारीला गेले तर विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणा. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते, आणि तो शोधायचं काम कुणाचं? पार्सलवरचा पत्ता खोटा, पण ज्या खात्यात पैसे गेले ते तर खरं आहे ना, केवायसी केलेलं आहे ना! बँकेत म्हटलं त्या खातेदाराचं काहीतरी करा, तर उत्तर, पिन तुम्हीच टाकलात, हा व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. शाळेतून चार हाफ डे काढले मी यासाठी. प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं आणि चारही दारं फिरून मी परत चौकीत. पोचपावती सोडा, साधा अर्ज घेतल्याचा शिक्का मारायला तयार नव्हते. शेवटी शिक्का मिळाला तो नवरा सोबत गेल्यावर, याची चीड वेगळीच.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी पाच दिवस त्याच्या 'ताई बघतो'ची वाट बघत घालवले, तोपर्यंत खातं रिकामं. चॅट डिलीट करू नका. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो नव्हता म्हणून डिस्क तुम्हीच बदलल्या नाहीत कशावरून असंही ऐकून घ्यावं लागलं.

आता परवाचं. दुसऱ्या एका ग्रुपवर नवीन नावाने जाहिरात, 'गोल्डन कलेक्शन १ + २, सील पॅक, ९,९९९, एकच सेट शिल्लक'. त्यातला व्हॉल्यूम १ चा फोटो माझा आहे. गप्पांच्या त्या महिन्यात मी हौसेने माझं कपाट दाखवलं होतं त्याला, तोच फोटो. डब्यामागे आईचा पितळी कुंकवाचा करंडा दिसतोय, डाव्या कडेला पोचा आलेला. मी ग्रुपच्या ॲडमिनला कळवलंय, अजून जाहिरात तिथेच आहे. तो करंडा दिसला तर पैसे पाठवू नका, तो सेट माझ्या घरात आहे.