बोटॉक्स आणि फिलरनंतरची काळजी : जळगावातला सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, मी भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे (स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचे) २० युनिट आणि नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरणाऱ्या रेषांसाठी १ मिलिलिटर हायलुरोनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचे जेल, घेतले. सुया टोचून होण्यास अर्धा तासही लागला नाही. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत काय करायचे आणि काय टाळायचे, हे मात्र त्या क्लिनिकमध्ये मला कोणीही समजावून सांगितले नाही. ‘आज मेकअप करू नका’ एवढेच सांगून त्यांनी पावती हातात दिली.

तिसऱ्या दिवशी अमळनेर तालुक्यातील आमच्या शेतावर भरताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजण्याचे काम दरवर्षीप्रमाणे मीच घेतले आणि तासभर त्या धगीसमोर वाकून बसले. घरी परतेपर्यंत डावा गाल चांगलाच सुजला होता आणि टोचल्याच्या जागी जांभळा डाग पसरला होता. ‘तोंडले काय व्हयनं, माय?’ असे विचारत सासूबाई कोमट तेल घेऊन चोळायला पुढे आल्या. त्यांच्या मायेला नाही म्हणणे मला फार जड गेले, पण मी चोळू दिले नाही आणि तेवढी एक गोष्ट माझ्या हातून बरोबर घडली. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढते, तर ताज्या फिलरवर दाब पडल्यास ते जागेवरून सरकू शकते, हे मला पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले.

तो डाग रोज रंग बदलत गेला. पाचव्या दिवशी तो हिरवट झाला, आठव्या दिवशी पिवळा, आणि बाराव्या दिवशी पूर्ण गेला. गालाच्या आत तुरीच्या डाळीएवढी एक गाठ मात्र बोटाला लागत होती. तिला सारखे चाचपण्याची सवय लागली होती ती मी प्रयत्नपूर्वक सोडली, आणि साधारण पाच आठवड्यांत ती गाठ आपोआप मऊ होऊन नाहीशी झाली. बोटॉक्सचा परिणाम चौथ्या दिवशी जाणवू लागला आणि दोन आठवड्यांनी पूर्ण दिसला. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच आरशासमोर उभे राहून निकाल लावू नये, असे मी प्रत्येकीला सांगते.

एप्रिलच्या मध्यावर आठ्या पुन्हा दिसू लागल्या, तेव्हा मी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी माझ्या सगळ्या औषधांची चौकशी केली. काही वेदनाशामक गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांमुळे डाग वाढू शकतात, परंतु हृदयविकारासाठी दिलेले रक्त पातळ करणारे औषध कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. सूचनांचा मराठी कागदही दिला: चार तास आडवे व्हायचे नाही, त्या दिवशी व्यायाम करायचा नाही, कपाळ दाबायचे किंवा चोळायचे नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४४ अंशांवर जातो आणि आम्ही बायका कपाळावरून स्कार्फ करकचून बांधल्याशिवाय स्कूटर काढत नाही. तो दाब टाळण्यासाठी मी संध्याकाळी सातची वेळ घेतली, रिक्षाने गेले आणि साडेअकरापर्यंत कूलरसमोर खुर्चीत बसून राहिले. या वेळी ना सूज आली, ना डाग पडला. बोटॉक्सला फिलरपेक्षा सूज मुळातच कमी येते हे मान्य करूनही, त्या कागदाचे मोल मला फार मोठे वाटते.

एका गोष्टीविषयी मला सर्वाधिक कळकळीने लिहायचे आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा तिच्यावर दाब आला, तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. असह्य वेदना, त्वचा पांढरी पडणे, तिच्यावर जाळीसारखे जांभळे पट्टे उमटणे किंवा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे लागते. हायलुरोनिक ॲसिडचे फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज नावाचे इंजेक्शन असते आणि ते जितके लवकर मिळेल तितके नुकसान टळते. माझी नंदुरबारची मामेबहीण सुरतेला फिलर घेऊन त्याच संध्याकाळी भुसावळकडे येणाऱ्या गाडीने घरी परतली. तिला काही झाले नाही, पण मध्यरात्री गाल पांढरा पडला असता तर ती कोणाकडे गेली असती, या विचाराने मी अस्वस्थ होते. परगावी जायचेच असेल तर किमान एक रात्र तिथे मुक्काम करावा, आणि हे इंजेक्शन दवाखान्यात ठेवलेले आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. माझ्या पहिल्या क्लिनिकमध्ये मी ते विचारले नव्हते.

आज सहा महिन्यांनंतर फिलर बऱ्यापैकी टिकून आहे. हसताना उजवी रेष डावीपेक्षा थोडी अधिक दिसते. तिच्यासाठी इतक्यात पुन्हा सुई घेण्याची मला गरज वाटत नाही. बोटॉक्सची पुढची वेळ ऑगस्टमध्ये येते, पण श्रावणात आमच्या घरी खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट (नैवेद्य) असतात आणि दिवसभर चुलीपुढून हलता येत नाही, म्हणून ती तारीख मी कानबाईच्या विसर्जनानंतरची मागून घेतली आहे.