वर्गात मतदान घेऊन शिकवणं: दोन सत्रांच्या वापरानंतरचा अनुभव

गेली दोन सत्रं मी पदवीच्या पहिल्या वर्षाचं यांत्रिकी या पद्धतीने शिकवते आहे. वर्ग साधारण सव्वाशे मुलांचा. पद्धत नवी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मेझूर यांनी ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्गात आणली. पडद्यावर एक प्रश्न आणि चार पर्याय. प्रत्येकाने आधी कुणाशी न बोलता मत द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. मी मतं मोबाइलवरून घेते. वर्गाच्या आदल्या रात्रीपर्यंत मुलं मूडलवर (कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासव्यासपीठावर) थोडं वाचून तीन प्रश्नांची उत्तरं देतात. तिसरा प्रश्न नेहमी तोच: यातलं काय कळलं नाही?

आधी एक तास कसा जातो ते सांगते, नाहीतर पुढचं हवेत राहील. चेंडू सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. हवेचा विरोध धरू नका. त्याच्यावर कोणती बलं आहेत? गुरुत्वाकर्षण सगळेच सांगतात, आणि बरोबर उत्तर तेवढंच आहे; पण अर्ध्याहून जास्त वर्ग त्याच्या जोडीला ‘वरच्या दिशेने कमी कमी होत जाणारं बल’ घेतो. आणि हीच मुलं न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणून दाखवतात. चर्चा सुरू झाली की मी बाकांमधून फिरते. तिसऱ्या बाकावर एक मुलगी शेजाऱ्याला विचारत होती, “हातातून सुटलाय ना? मग वर ढकलतंय कोण?” तो म्हणाला, “हाताचा जोर आहे की त्यात अजून. तो संपला की पडणार.” ती थोडी थांबली आणि म्हणाली, “जोर चेंडूत साठतो का? मग टेबलावर ठेवलेल्या चेंडूत तो का नाही?” तो गप्प झाला, वहीत बाण काढले, एक खोडला.

हा भाग मी दहा वर्षं शिकवत आले होते. मुलांच्या मनात जोर चेंडूत साठवलेला असतो, हे मला त्या दिवशी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं. तोवर मी उत्तरपत्रिकेत चूक बघत होते, तिच्यामागचा विचार कधी दिसलाच नव्हता. या पद्धतीने मला सगळ्यात जास्त काय दिलं असेल तर हे, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी ती सोडणार नाही.

हुशार मुलाने उत्तर सांगितलं आणि बाकीच्यांनी तेच दाबलं, असं होत असेल ही शंका मलाही होती. २००९ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर हेच तपासलं गेलं. चर्चेनंतर मुलांना त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. ज्या गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, त्या गटांतली मुलंसुद्धा सुधारली होती.

आता तक्रारी. पहिलं सत्र निम्मं वाया गेलं आणि त्यात माझा वाटा मोठा होता. मतदानाचं जे ॲप मी आधी घेतलं ते भर वर्गात अडकायचं. सव्वाशे मोबाइल एकदम जोडले गेले की नेटवर्क मान टाकायचं, आणि पाच-सात मिनिटं त्यातच जायची. कंटाळून मी चार रंगांची कार्डं वाटली. मुलं छातीशी कार्ड धरायची, मी नजर फिरवायचे, काम भागायचं. नॅथॅनिएल लॅसरी यांनी २००८ साली क्लिकर (मत देण्याचं हातातलं छोटं यंत्र) आणि कार्डं यांची तुलना केली तेव्हा संकल्पना समजण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. माझाही अनुभव तोच. ॲपचा खरा फायदा एवढाच की मतं गुप्त राहतात आणि नंतर आकडे हाताशी असतात. लाजरी मुलं कार्ड वर करण्याआधी इकडेतिकडे बघतात. म्हणून आता दुसरं ॲप वापरते आणि कार्डांचा गठ्ठा पिशवीत असतोच.

दुसरी चूक गुणांची. बरोबर उत्तराला गुण ठेवले आणि चर्चाच मेली. ज्याला येतं तो बोलायचा, बाकीचे ऐकायचे. दुसऱ्या सत्रात मत देण्यालाच थोडे गुण ठेवले, उत्तर काहीही असो. आवाज लगेच वाढला.

तिसरी चूक मला स्वतःला कधीच दिसली नसती. एका सहकाऱ्याला वर्गात मागे बसायला सांगितलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेलं कोपस नावाचं एक निरीक्षणपत्रक आहे. दर दोन मिनिटांनी शिक्षक काय करतोय आणि मुलं काय करताहेत याच्या खुणा करायच्या, बरंवाईट काही लिहायचं नाही. मी समजत होते की निम्मा तास मुलं बोलतात. पत्रकात दिसलं की चर्चेच्या वेळातही मी मध्येमध्ये सूचना देत होते, इशारे देत होते, आणि पहिल्या मताचा आलेख दाखवून मोकळी होत होते. आलेख दिसला की मुलं बहुमताकडे सरकतात. आता दुसरं मत येईपर्यंत तो झाकून ठेवते आणि तोंड बंद ठेवते. ते सोपं नाही.

“मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच शिकायला लावतात,” असा अभिप्राय पहिल्या सत्रात बऱ्याच जणांनी दिला. मनाला लागलं. मग २०१९ सालचा हार्वर्डमधलाच एक अभ्यास वाचला: सक्रिय वर्गातली, म्हणजे स्वतः प्रश्न सोडवत शिकणारी मुलं व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. उत्तम व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, डोकं खाजवावं लागलं की मागे पडल्यासारखं. दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच तासाला मी मुलांना हे मोकळेपणाने सांगितलं. कुरकुर संपली नाही, पण अर्ध्यावर आली.

वेळेचं काय, हे सगळेच विचारतात. एक चांगला प्रश्न करायला मला दोन-तीन तास लागतात. पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के बरोबर यावेत असा प्रश्न हवा. त्याहून सोपा असेल तर बोलायला काही उरत नाही, अवघड असेल तर आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तसं होतं. अभ्यासक्रम पुरा करायला काही सिद्धता वर्गाबाहेर वाचायला द्याव्या लागल्या. त्या सगळ्यांनी वाचल्या असं मी म्हणणार नाही.

निकाल बघायचा तर सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी मी बलसंकल्पनांची ३० प्रश्नांची प्रचलित चाचणी घेतली. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६,५४२ विद्यार्थ्यांचे असेच निकाल एकत्र केले होते. सुरुवातीच्या चाचणीनंतर शिकता येण्याजोगं जेवढं उरलं होतं ते पूर्ण १ धरलं, तर त्यातलं व्याख्यानाच्या वर्गांनी सरासरी ०.२३ मिळवलं, मुलांना गुंतवणाऱ्या वर्गांनी ०.४८. माझं पहिलं सत्र व्याख्यानाच्या आकड्याला जेमतेम ओलांडून गेलं. दुसरं बरंच वर गेलं, ०.४८ अजून लांब आहे.

नव्याने सुरू करणाऱ्याने सगळे तास एकदम बदलू नयेत. आठवड्याला एक तास, दोन प्रश्न, हातात कार्डं, एवढं पुरे. मी पुढच्या सत्रात चेंडूचा प्रश्न पुन्हा लिहिते आहे. त्यात टेबलावरचा चेंडूही घालणार आहे, तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने विचारला होता तसाच.