जपानी एक्सलच्या नावाखाली १,९२,४५० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो. एक लाख ब्याण्णव हजार चारशे पन्नास. त्यातले १,३८,००० एका माणसाच्या खात्यात गेले, बाकीचे त्याने दिलेलं भंगार आणण्यात, गाडीला बसवण्यात आणि मोडल्यावर ओढून आणण्यात. हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी इंदूरजवळ पिथमपूरला गियर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एकोणीस वर्षं दिवसभर हातात गेज घेऊन दुसऱ्यांचा माल नाकारणं हेच माझं काम. आणि घरच्या गाडीसाठी दोन दातेरी चाकांचे दाते मोजायला मला वेळ झाला नाही.

गाडी बाबांची. १९९५ ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. ती इंजिनं तेव्हा इथंच पिथमपूरला बनायची, त्यामुळे आमच्या घरात त्या गाडीबद्दल वेगळीच माया. इंजिन थकल्यावर मी त्यात टोयोटाचं वनजेझेड घातलं, अडीच लिटर, सहा सिलिंडर, टर्बोचं. कंपनीचा आकडा २८० पीएस. टॉर्क साधारण ३६० न्यूटन-मीटर, मूळ इंजिनाचा याच्या निम्माही नव्हता. मी रस्त्यावर शर्यती लावणारा माणूस नाही, पण एवढी ताकद मागच्या जुन्या एक्सलला, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या आसाला, झेपणार नव्हती. दीड महिन्यात उजव्या शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे टोकाच्या खाचा, पिळल्या आणि क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, रडायला लागलं. मागचा एक्सल बदलणं भागच होतं.

मी आंधळेपणाने शोधायला निघालो नव्हतो. फ्लँजपासून फ्लँजपर्यंत, म्हणजे चाकं बसतात त्या दोन टोकांमधली, रुंदी मोजली होती, पीसीडी, म्हणजे चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचं माप, लिहून ठेवला होता, पिनियनचा कोन किती ठेवायचा तेही ठरलं होतं. आठ इंची क्राऊनचा टोयोटा एक्सल हवा, एलएसडीसकट (मागची दोन्ही चाकं क्लच प्लेटांनी एकत्र ओढणारं डिफरन्शियल), रेशो ३.७३. म्हणजे क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११. हे सगळं मी विकणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी लिहून पाठवलं. आता कळतंय की त्याला काय दाखवायचं याची यादीच मी त्याच्या हातात दिली. तुम्हाला काय हवंय ते विकणाऱ्याला आधी सांगू नका. त्याच्याकडे काय आहे ते त्याला बोलू द्या.

तो बडोद्याचा, मराठी बोलणारा. "दादा, आमचं घर गायकवाडांच्या वेळेपासून बडोद्यात, तुम्ही होळकरांच्या गावचे. बाहेरच्या मुलखात आपण मराठी माणसांनी एकमेकांना धरून राहायचं." पहिल्या फोनवर बाबांची तब्येत विचारली. दुसऱ्या फोनवर त्याची आईही मागून बोलली, "इंदूरला रामबागेत आमचे नातेवाईक आहेत हो." खरं सांगतो, त्या बाईच्या आवाजावर मी विश्वास टाकला. ती त्याची आई होती की आणखी कोणी, देव जाणे.

भाव १,६५,००० वरून १,३८,००० वर आला. २०,००० आगाऊ, ६८,००० व्हिडिओ बघून, ५०,००० माल इंदुरात उतरल्यावर. मला हे चोख वाटलं. शेवटचा हप्ता आपल्या हातात आहे, मग भीती कसली? व्हिडिओत हिरव्या भिंतीपुढे दोन घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, एक्सल ठेवलेला, एक हात डावा ड्रम फिरवतो आणि उजवा ड्रम त्याच दिशेने फिरतो. एलएसडी असा फिरतो. मी तो व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला असेल. त्यातला एक्सल आणि माझ्या नावाने ट्रकमध्ये चढलेला एक्सल एकच आहे का, हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही. व्हिडिओ मागाल तर कागदावर आपलं नाव आणि आजची तारीख लिहून तो कागद हाऊसिंगवर चिकटवायला सांगा आणि कॅमेरा न थांबवता एक्सलच्या नंबरापर्यंत न्यायला लावा. जो टाळाटाळ करेल त्याला सोडा.

आता ती वेळ, जी आठवली की अजून झोप लागत नाही.

देवास नाक्यावर ट्रान्सपोर्टचं गोदाम. शनिवार, दुपारचे साडेचार. बिल्टी, म्हणजे माल सोडवायची ट्रान्सपोर्टची पावती, त्याच्याकडेच होती, ५०,००० मिळाले की पाठवणार होता, पण गोदामवाल्याने माल बघू दिला. एक्सल दोन लाकडी ठोकळ्यांवर होता. काळा रंग इतका ताजा की बोटाला चिकटला. हाऊसिंगवर ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर नंबर. पट्टी मळलेली, पण रिवेट चकचकीत. ते मी पाहिलं. पिनियनचा फ्लँज हाताने हलवला तर चांगला पाव इंच खेळ लागला. कारखान्यात बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधला खेळ, मिलिमीटरच्या शतांशांत मोजणारा मी, तोही खेळ मी पाहिला. मग डावा ड्रम फिरवला, आणि उजवा उलट दिशेने फिरला.

पुन्हा फिरवला. पुन्हा उलट.

याचा अर्थ मला ठाऊक होता. आत साधं, उघडं डिफरन्शियल आहे, नाहीतर एलएसडीचे क्लच पार संपलेत. दोन्हींपैकी काहीही असो, हा माल १,३८,००० चा नव्हता. मी त्याला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "दादा, तेल काढून पाठवलाय. कोरड्या प्लेटा पकडत नाहीत. एलएसडीचं तेल भरा, पन्नास किलोमीटर चालवा, मग बोला." यात अर्धं खरं होतं, तेलाचा आणि क्लच प्लेटांचा संबंध असतोच. त्या अर्ध्या खऱ्यात मी अडकलो. गोदामवाला शटर ओढायच्या तयारीत, सोमवारनंतर रोजचं भाडं लागेल म्हणाला. दसरा पाच दिवसांवर, बाबांना त्यांच्या गाडीची पूजा करायची होती. उस्तादाला, म्हणजे माझ्या मेकॅनिकला, सोबत नेलं नव्हतं. मी तिथं उभ्या उभ्या, ४ वाजून ४७ मिनिटांनी, ५०,००० पाठवले. मेसेजवर वेळ अजून आहे.

लोक म्हणतात, शिकलेला माणूस असून असं कसं केलंस? ज्याचे ८८,००० आधीच अडकलेत त्याला गोदामात उभं करून विचारा. तेव्हा मनाला ते ८८,००० बुडालेले मानायचे नसतात.

दुसऱ्या दिवशी उस्ताद म्हणाले, "साहब, एक बार खोल के देख लेते हैं. दो घंटे का काम है." मीच नको म्हणालो. गॅस्केट फाटेल, वेळ जाईल, दसरा हुकेल. उस्तादांचा यात काडीचा दोष नाही, हे स्पष्ट लिहितो. ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करणं, ब्रेकच्या लाइनी, लेथचं काम मिळून ३१,५००. प्रोपेलर शाफ्ट (पुढून एक्सलपर्यंत जाणारा दांडा) आखूड करून बॅलन्स केला, ९,२००. गियर ऑइल आणि एलएसडीचं ॲडिटिव्ह ३,८५०. ट्रान्सपोर्टचे ५,४०० वेगळे.

दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून गाडी निघाली, तेव्हाच दुसरी खूण मिळाली होती. चौथ्या गियरमध्ये, म्हणजे थेट गियरमध्ये, १०० च्या वेगाला माझ्या टायरच्या घेराच्या हिशेबाने इंजिनच्या फेऱ्यांचा काटा ३,३०० च्या आत असायला हवा. तो ४,५०० ला होता. मी स्वतःची समजूत काढली की टॅकोमीटर चुकतोय.

तेविसाव्या दिवशी खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे चढावर मागून धाडकन आवाज आला. मागची चाकं क्षणभर जाम झाली, गाडी आडवी सरकली. बायको पुढे, मुलगा मागच्या सीटवर. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आम्ही आहोत. पैशांचं मी एक वेळ विसरेन, मुलगा मागे बसला होता हे विसरणार नाही. क्रेनचे ४,५००.

मग उघडला. तेल चांदीसारखं चमकत होतं, क्राऊनचे तीन दाते तळाशी पडलेले. उस्तादांनी पिनियन कापडाने पुसून माझ्या हातात दिलं आणि काहीच बोलले नाहीत. आठ दाते. क्राऊनला ४१, पिनियनला ८, म्हणजे ५.१३. हा रेशो ओझं वाहणाऱ्या जीपचा. आत क्लच प्लेटा नव्हत्याच, साधे चार गियर. बाहेरून नळीवर स्क्रूड्रायव्हर घासला तर काळ्या रंगाखालून करडी पुट्टी भिंतीच्या चुन्यासारखी सुटून आली. तिच्याखाली वेल्डिंगची गोल रेघ. नळी कापून, माझ्या रुंदीला आखूड करून जोडली होती. कुठल्यातरी जुन्या प्रवासी जीपचा एक्सल होता तो.

हे सगळं न उघडताही कळलं असतं. एक चाक अडवायचं, दुसऱ्याला पूर्ण दोन फेरे द्यायचे आणि पिनियनचा फ्लँज किती वेळा फिरतो ते खडूची खूण करून मोजायचं. पावणेचारच्या जागी पाचांहून जास्त फेरे आले असते. खडू गोदामात भिंतीवर होता, पेट्यांवर नंबर टाकायचा.

त्याने फोन उचलला, एकदाच. "तुम्ही गाडी कापलीत, वेल्डिंग केलंत, माझी जबाबदारी संपली." नंतर नंबर बंद. बिल मागितलं होतं तेव्हा त्याने कच्ची पर्ची दिली होती. तिच्यावरचा जीएसटी नंबर मी आता सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तो धान्याच्या दुकानाचा निघाला. ही तपासणी एका मिनिटाची आणि फुकट आहे. पैसे देण्याआधी करा.

पोलीस ठाण्यात पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी, "माल तो मिला ना? फिर धोखा किस बात का? सिव्हिल मैटर है." मी म्हटलं, सोनं म्हणून पितळ दिलं तर तोही दिवाणी मामला का? उत्तर नाही. दुसऱ्या फेरीत साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा म्हणाले, आरोपी बडोद्याचा, तिकडे जा. बडोद्याला फोन केला तर, पैसे इंदुरातून गेले, तिकडेच करा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलंय, फसवणुकीचं कलम न्याय संहितेत ३१८ आहे. मी दोन्हींचे प्रिंट नेले. समोरच्याने ते वाचलेही नाहीत, चहाचा ग्लास त्यांच्यावर ठेवला.

चौथ्या फेरीत आरसी मागितली आणि इंजिन नंबर जुळवायला लागले. "पहले ये बताओ, ये इंजन कागज पे चढ़ा है?" नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला ठाऊक आहे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असंच सांगितलंय. ती चूक माझी, आणि त्याचा दंड मी भरीन. पण मी कायदा मोडला म्हणून मला लुटायची कोणाला मुभा मिळते का? त्या दिवशी तक्रारदार म्हणून गेलेला मी आरोपीसारखा दोन तास बाकावर बसलो. हे असे धंदे करणारे आमच्यासारखेच लोक शोधतात, ज्यांच्या गाडीचे कागद कच्चे आहेत. तक्रार करायला हा जाणार नाही, गेला तरी याचंच तोंड बंद होईल, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पाचव्या फेरीत अर्जावर शिक्का मिळाला. एफआयआर नाही.

बँकेत सांगितलं, व्यवहार तुम्हीच केलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो, म्हणजे पैसे पुढे जाण्याआधी रोखता येतात. मी एकोणतिसाव्या दिवशी केला, तोवर खात्यात काय उरणार?

ग्राहक आयोगात मात्र तक्रार गेली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो तिथेच करता येते, बडोद्याला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. वकिलाने चॅट हिंदीत करून मागितले, आमचं सगळं बोलणं मराठीत. ६१ पानं मी रात्री बसून उतरवली. त्याचं "दादा, आपण मराठी माणसं" हे वाक्य मला स्वतःच्या अक्षरात अकरा वेळा लिहावं लागलं. तुमच्याकडे असे चॅट असतील तर पुसू नका, आणि फोनवर ठरलेलं सगळं त्याच दिवशी मेसेजने लिहून पाठवा. तेलाचा बहाणा त्याने फोनवर सांगितला, म्हणून त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

एक्सल अंगणात पत्र्याखाली ठेवलाय, पुरावा म्हणून विकता येत नाही. गाडी जॅकवर आहे. बाबा रोज सकाळी तिची काच पुसतात आणि मला काही विचारत नाहीत.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्याने कोल्हापूरहून मला एक व्हिडिओ पाठवला, "हा एक्सल घेऊ का?" तीच हिरवी भिंत, तेच दोन घोडे, डावीकडे तोच निळा प्लॅस्टिकचा ड्रम, फिरवणाऱ्या हाताच्या मनगटावर तोच लाल दोरा. भाव १,४५,०००. त्याने २०,००० पाठवायला फोन हातात घेतला होता. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, आणि कोणत्या नंबरवरून आला ते मला कळवा. पुढच्या तारखेला आयोगासमोर मला एकट्याने उभं राहायचं नाही.