गणितात बी.एस्सी. करून बी.एड., की चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम?

बारावीनंतर गणिताचा शिक्षक व्हायचं पक्कं असेल, तर मुंबईच्या मुलांपुढे दोन वाटा आहेत. पहिली जुनी: तीन वर्षं बी.एस्सी., मग सीईटी देऊन दोन वर्षं बी.एड. दुसरी २०२० च्या शैक्षणिक धोरणातली: बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र, चार वर्षांत. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून. एक वर्ष वाचतं, म्हणजे एका वर्षाची फी आणि लोकलचा पासही.

तरी माझं मत जुन्या वाटेकडे झुकतं. ॲनालिसिस (कॅलक्युलसचा काटेकोर पाया), बीजगणित मुरायला निवांत वेळ लागतो. एप्सिलॉन-डेल्टाशी, म्हणजे 'लिमिट'च्या काटेकोर व्याख्येशी, झगडलेला शिक्षकच मुलाच्या 'पण का?'ला नीट उत्तर देतो. शिवाय तिसऱ्या वर्षी एम.एस्सी.कडे वळावंसं वाटलं तर रस्ता मोकळा असतो.

एकत्रित अभ्यासक्रमात मात्र वर्गात शिकवण्याचा सराव लवकर सुरू होतो, आणि मूल अपूर्णांकात कुठे अडतं हे तेव्हाच कळतं. हे मोठंच बळ आहे. बी.एस्सी.वाल्यांनी ती उणीव शेजारच्या मुलांना शिकवून भरावी, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं साहित्य वाचावं. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दोघांनाही चुकत नाही.