वंश की सोयरीक? नातेसंबंधांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी

नातेव्यवस्थेचा कणा वंश (समान पूर्वजापासून आलेले नाते) की सोयरीक (विवाहातून जुळलेले नाते), या प्रश्नावर विसाव्या शतकातील मानववंशशास्त्रात दोन मते होती. ब्रिटिश अभ्यासकांनी वंशाला अग्रक्रम दिला. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४० साली तत्कालीन सुदानमधील (आताच्या दक्षिण सुदानमधील) नुएर लोकांविषयी दाखवून दिले की, शासनयंत्रणा नसतानाही तंट्यात कोण कोणाच्या बाजूने उभा राहणार, हे समान पूर्वजावरून ठरत असे.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९४९ साली हा क्रम उलटवला. त्यांच्या मते, निकटच्या नात्यातील विवाहाचा निषेध ही नुसती मनाई नसून आपली मुलगी वा बहीण दुसऱ्या गटात देण्याचे बंधन आहे, आणि या देवाणघेवाणीतूनच गट एकमेकांशी जोडले जातात. त्यामुळे मामेबहिणीशी विवाहाला पसंती देणारा नियम हा विक्षिप्त रिवाज न राहता पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या सोयरिकीचे सूत्र ठरतो. (स्त्रियांना देवाणघेवाणीची वस्तू मानण्यावर स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो.) तरीही विवाहनियमांचा उलगडा करण्यात ही दृष्टी सरस आहे.

चुलतबहिणीशी विवाह पसंत करणाऱ्या अरब समाजांपुढे मात्र दोन्ही दृष्टी अडखळतात, कारण तेथे मुलगी बाहेर दिली जात नाही आणि वंशाला अग्रक्रम देणाऱ्यांनी गृहीत धरलेला वंशाबाहेर विवाह करण्याचा नियमही लागू पडत नाही.