दीडचा अँगल : सामाईक धुऱ्यावरच्या कुंपणात झालेली आमची फसवणूक

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात माझी पाच एकर काळी, भारी जमीन आहे. तिच्या पूर्वेकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून ज्यांचे शेत आहे, त्यांना सारे गाव आबा म्हणते आणि मीही तेच म्हणतो; मी निवृत्त शिक्षक, म्हणून मला ते गुरुजी म्हणतात. आमच्या दोघांच्या वडिलांपासून हा धुरा सामाईक आहे आणि त्यावरून कधी वाद झाला नाही. रोही आणि रानडुकरे यांनी सलग दोन वर्षे हरभऱ्याची नासधूस केल्यावर आम्ही दोघांनी मिळून या सहाशे फुटांच्या धुऱ्यावर तार कंपाऊंड करायचे, खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यायचा आणि बाकीच्या बाजूंचे ज्याने त्याने बघायचे असे ठरवले. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आधीच झालेली होती, हद्दीच्या खुणा जागेवर होत्या, त्यामुळे खांब कोणत्या रेषेवर उभे करायचे हा प्रश्नच नव्हता. खांब केवढे घ्यायचे एवढाच प्रश्न होता आणि तिथेच आम्हाला गंडवण्यात आले.

आबांचे मत सुरुवातीला सिमेंटच्या खांबांचे होते. त्याला गंज लागत नाही आणि चोर नेत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु धुऱ्याच्या कडेने दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर फिरतो आणि रोटाव्हेटरचा एक धक्का बसला तरी सिमेंटचा खांब मधोमध तडकतो, हे मी इतर शेतांत पाहिलेले होते. शेवटी लोखंडी अँगल, म्हणजे काटकोनात दुमडल्यासारख्या दोन बाजूंचे खांब, घ्यायचे ठरले : मधले खांब 40 बाय 40 चे, म्हणजे दोन्ही बाजू 40 मिलिमीटर रुंद, जाडी 5 मिलिमीटर, दोन टोकांचे आणि मधला एक असे तीन खांब 50 बाय 50 चे, जाडी 6 मिलिमीटर, कारण ताणलेल्या तारेचा सगळा ओढा टोकाच्या खांबांवर येतो आणि ते झुकले की मधले कितीही असले तरी तार सैल पडते. प्रत्येक खांबाची लांबी आठ फूट, त्यातला साडेपाच फूट जमिनीवर आणि अडीच फूट जमिनीत. आठ फुटांवर एक याप्रमाणे एकूण 76 खांब लागणार होते.

अडीच फुटांचा आग्रह माझा होता. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मराठवाड्यातल्या कुणाही शेतकऱ्याला सांगायला नको. फूटभर खोल गाडलेला खांब त्या वरच्या हलत्या थरातच उभा राहतो आणि दोन पावसाळ्यांत कलतो. म्हणून नऊ इंच रुंदीचा चौकोनी खड्डा, अडीच फूट खोली, एकास दोनास चारचे (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) काँक्रीट आणि पाणी साचू नये म्हणून वरचा भाग खांबापासून उतरता, असे मी स्वतः वहीत लिहून काढले होते.

ती वही घरात राहिली. हिशेबाची चिठ्ठी झाली ती ठेकेदाराच्या हातची. कंपाऊंडची कामे घेणारा हा माणूस आसपासच्या गावांत फिरत असे आणि बोलायला अतिशय गोड होता. त्याने नमुना म्हणून हातभर लांबीचा अँगलचा एक तुकडा आणून माझ्या ओसरीवर ठेवला. तो तुकडा खरोखरच 5 मिलिमीटरचा होता. चिठ्ठीवर त्याने लिहिले : «दीडचा अँगल, 76 नग, उभारणीसह». दर नगावर ठरला, साध्या खांबाला 750 रुपये आणि टोकाच्या खांबाला 1400, म्हणजे खांबांचेच सुमारे 59,000 रुपये. तारेचा हिशेब वेगळा होता.

या «दीड» शब्दाकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे लोखंडाच्या दुकानात रुंदी इंचात बोलतात आणि जाडी सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या किंचित आत. त्यामुळे दीड सूत म्हणजे जवळपास 5 मिलिमीटर, ही आम्हाला हवी असलेली जाडी. मात्र 40 बाय 40 च्या अँगललाही दुकानदार दीड इंचीच म्हणतात, मग त्याची जाडी 3 मिलिमीटर असो वा 6. चिठ्ठीवरचा «दीड» आम्ही सुतांचा वाचला, त्याने तो इंचांचा लिहिला होता, आणि पुढे बोलाचालीची वेळ आली तेव्हा त्याने हीच चिठ्ठी आमच्यापुढे धरली.

माल मे महिन्याच्या उन्हात टेम्पोतून उतरला. सगळ्या खांबांना लाल ऑक्साईडचा जाड हात मारलेला होता आणि कडासुद्धा रंगाने भरल्या होत्या. मी त्या दिवशी नांदेडला दवाखान्याच्या कामासाठी गेलो होतो. आबा हजर होते. त्यांनी एक खांब उचलला आणि ठेकेदाराला म्हणाले, की हा हलका लागतो आहे. त्यावर त्याने उत्तर दिले, «आबा, गुरुजींशी माझं बोलणं झालंय. खर्च जास्त व्हायला लागला म्हणून त्यांनीच हा सांगितला.» आबांना वाटले, गुरुजींची अडचण असेल, पेन्शनवर घर चालते, आपण विचारून त्यांना ओशाळे कशाला करायचे. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही.

खड्डे खणायला सुरुवात झाली त्या दिवशी आबा लग्नाला गेले होते आणि मी धुऱ्यावर गेलो. मी पोहोचेपर्यंत पंधरावीस खांब उभे राहून त्यांच्या बुडाशी काँक्रीट ओतलेले होते. मी खोली विचारली. तो लगेच म्हणाला, «सकाळी निघायच्या आधी आबांनी स्वतः टेप लावून बघितलंय, त्यांना विचारा.» मी विचारले नाही. वयाने मोठ्या, बांधाला बांध लागलेल्या माणसाने मोजले म्हटल्यावर पुन्हा मोजणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटले. दोघांमधला मानपान त्या माणसाने अचूक ओळखला होता. एकट्या मालकाचे कुंपण असते तर त्याला हे जमले नसते, कारण एकटा माणूस दुसऱ्याच्या भरवशावर राहत नाही. सामाईक कामात माप बघायला आम्ही दोघे होतो, आणि म्हणूनच कोणीच नव्हते.

एक खूण मात्र माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती मला वाचता आली नाही, याचे आजही वाईट वाटते. काम संपल्यावर धुऱ्यावर सिमेंटच्या सहा रिकाम्या गोण्या पडल्या होत्या आणि मी त्या गोळा करून घरी आणल्या. नऊ इंची चौकोनी, अडीच फूट खोल खड्ड्याला साधारण एक घनफूट आणि वर चाळीस टक्के काँक्रीट लागते; 76 खड्ड्यांचे ते सुमारे 107 घनफूट होते; आणि एकास दोनास चारच्या मिश्रणात एका गोणीतून साडेपाच घनफुटांच्या आसपास काँक्रीट निघते. म्हणजे एकोणीस गोण्या लागायला हव्या होत्या. सहा गोण्यांमध्ये प्रत्येक खड्डा जेमतेम नऊ-दहा इंच भरतो. हा हिशेब पाचवीच्या मुलाला घालावा इतका सोपा आहे आणि मी पस्तीस वर्षे शाळेत गणितच शिकवले. पण गोण्या मोजायच्या असतात हेच मला माहीत नव्हते.

मृगाचे पाऊस झाले, जमीन फुगली आणि जुलैमध्ये खांबांची रांग वेडीवाकडी दिसू लागली. एके सकाळी आबांची म्हैस तारेला अंग घासत उभी राहिली आणि एक खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट वर आला. तो गोळा तांब्याएवढा होता. बाहेर पडलेला खांब जमिनीवर आडवा ठेवून मी टेप लावली तेव्हा लांबी भरली साडेसहा फूट आणि वर अर्धा-पाऊण इंच. जमिनीवर साडेपाच फूट तंतोतंत होते, जे दिसत होते ते सगळे कबुलीप्रमाणे होते. कमी होते ते फक्त न दिसणारे. साडेसहा फूटच का, याचा उलगडा नंतर लोखंडाच्या दुकानात झाला. अँगलची अखंड कांब सहा मीटरची येते. तिचे आठ फुटी दोनच खांब निघतात आणि साडेतीन फुटांच्या वर तुकडा वाया जातो. साडेसहा फुटी मात्र बरोबर तीन निघतात आणि काहीच उरत नाही.

त्या दिवशी आबांचे आणि माझे वाजले. «गुरुजी, हलका माल तुम्हीच सांगितला, आता कुंपण पडलं तर बोलायचं कोणाला?» असे ते म्हणाले, आणि मीही तापून म्हणालो, «आबा, खड्डे तुम्ही मोजले होते ना, मग हा फूटभरच कसा?» दोघेही एकमेकांकडे बघतच राहिलो, पण त्या क्षणी ताठा असा होता की कोणीच पुढचे विचारले नाही. आठ दिवस आमचे बोलणे बंद होते. दोन पिढ्यांत जे झाले नव्हते ते त्या माणसाच्या दोन वाक्यांनी झाले. पैशापेक्षा मला त्या आठ दिवसांचे दुःख जास्त आहे.

शेवटी आबाच घरी आले. ओसरीवर नमुन्याचा तो तुकडा तसाच पडलेला होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारले, «हा कुठला?» मग दोघांनी मिळून उपटलेला खांब आणला, वेल्डिंगवाल्याकडे जाऊन पटाशीने कडेचा रंग खरवडला आणि त्याच्याकडच्या कॅलिपरने जाडी मोजली. नमुन्याची जाडी 5 मिलिमीटर, खांबाची 3. त्यानंतर हळद तोलायच्या काट्यावर खांब ठेवला. काटा तीन किलो सातशे ग्रॅमवर थांबला, आणि त्यात चिकटलेला रंग आणि मातीही आली. 40 बाय 40 च्या 5 मिलिमीटर अँगलचे वजन मीटरला 3 किलो भरते, म्हणजे आठ फुटांचा खांब सव्वासात किलोच्या पुढे हवा; 3 मिलिमीटरच्या अँगलचे मीटरला 1.8 किलोच भरते. आम्ही निम्मे लोखंड विकत घेतले होते. 73 साध्या खांबांत मिळून पावणेतीन क्विंटलच्या आसपास लोखंड आलेच नव्हते. टोकाचे तीन खांबही रुंदीला 50 चे होते, पण जाडीला तेही 3 मिलिमीटरचेच निघाले.

काट्याशेजारी उभे राहूनच आबांनी टेम्पोच्या दिवसाची गोष्ट सांगितली आणि मी खड्ड्यांच्या दिवसाची. त्यानंतर आम्हाला एकमेकांना आणखी काही विचारावे लागले नाही.

ठेकेदाराने आधी फोन उचलणे बंद केले, मग भेटल्यावर चिठ्ठी दाखवून «दीडचाच दिलाय» असे सांगितले. आमच्याकडे पक्के बिल नव्हते, चिठ्ठीवर लांबी, जाडी आणि वजन यांपैकी काहीच नव्हते. तरीही नमुन्याचा तुकडा, वजन करताना काढलेले फोटो आणि मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद यांच्या आधारावर आम्ही दोघांच्या सहीने वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्यात जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा उल्लेख होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधी नुसता सल्ला हवा असेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. नोटीस पोहोचल्यावर त्याने दोन हप्त्यांत 14,000 रुपये परत केले. ते आम्ही सात-सात हजार वाटून घेतले. तेवढ्यावर थांबण्याचा निर्णय आम्ही शेतीच्या कामांच्या गडबडीत घेतला. कागद पक्का असता तर थांबलो नसतो.

सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आधी, आम्ही कुंपण नव्याने उभे केले. या वेळी अँगल स्वतः मोंढ्याजवळच्या दुकानातून किलोवर घेतला, नगावर नाही, कारण किलोच्या हिशेबात जाडी आणि लांबी चोरायला जागाच राहत नाही. पक्क्या बिलावर «40 x 40 x 5 मिलिमीटर, लांबी 8 फूट, एकूण वजन» असे लिहून घेतले आणि त्यावर दोघांची नावे घातली. खांब रंग न लावता आणले, वजन झाल्यावर घरी रंगवले. टोकाच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरके टेके दिले. जुने हलके खांब आबांच्या दोडक्याच्या मांडवाला लागले.

खड्ड्यांसाठी आबांनी बाभळीची एक काठी तोडली आणि तिच्यावर विळ्याने अडीच फुटांची खाच केली. मजुराने खड्डा झाला म्हटले, की त्यांच्याकडून एकदा आणि माझ्याकडून एकदा अशी ती काठी प्रत्येक खड्ड्यात दोनदा उतरायची, आणि खाच जमिनीला लागल्याशिवाय काँक्रीट पडत नव्हते. एकोणीस गोण्या रिकाम्या झाल्या आणि विसाव्या गोणीतली पाटीभर सिमेंट उरली.